ऐकणाऱ्याची परीक्षा

गोष्ट तशी जुनी, आणि माझ्या दृष्टीने फारशी भूषणावहही नाही. पण दिवाळीच्या निमित्ताने वाचकांशी चार मनमोकळ्या गोष्टी बोलायच्या, तर आपली फजिती आधी सांगून टाकावी हे बरे.

मी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. दहा-बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा तास संपल्यावर माझ्यामागून व्हरांड्यात आला. शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा. अक्षर सुरेख, बोलणे बेताचे. "सर, थोडं बोलायचं होतं," तो म्हणाला. मी त्याला प्राध्यापकांच्या खोलीत नेले, समोरच्या खुर्चीवर बसवले, दोन चहा मागवले. "सर, अभ्यासात लक्षच लागत नाही हल्ली," एवढे एक वाक्य तो बोलला. पुढचे वाक्य मनात जुळवीत असावा. पण तेवढी उसंत देईल तो प्राध्यापक कसला? मी जो सुरू झालो तो वीस-पंचवीस मिनिटे थांबलो नाही. वेळापत्रक कसे आखावे, पहाटेचा अभ्यास डोक्यात कसा राहतो, मोबाइल दुसऱ्या खोलीत का ठेवावा, मी स्वतः बी. ए.ला असताना चाळीतल्या गोंगाटात कसा वाचीत होतो, सगळे सगळे सांगितले. तो मान हलवीत होता, मधूनमधून "हो सर" म्हणत होता. त्याच्या पुढ्यातला चहा मात्र तसाच निवून गेला. जाताना त्याने वाकून नमस्कार केला, आणि एका जिवाला मार्गी लावल्याच्या समाधानात मी घरी गेलो.

पुढच्या सत्रात तो वर्गात दिसला नाही. शिक्षण सोडले असे कुणीसे म्हणाले. चार वर्षांनी तो मला रेल्वेच्या फलाटावर भेटला. अंगावर कुठल्याशा दुकानाचा गणवेश होता. ओळख दाखवून आनंदाने जवळ आला. "सर, त्या दिवशी तुम्ही किती मनापासून बोललात! मला अजून आठवतं." मी सुखावलो. तेवढ्यात तो अगदी सहज म्हणाला, "मला जे सांगायचं होतं, ते मात्र राहूनच गेलं."

"काय सांगायचं होतं रे?"

"आता काय सर, जुनं झालं ते." आणि त्याची गाडी आली.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच मला अधिक लागले. काय सांगायचे होते ते मला आजतागायत कळलेले नाही, आणि आता कळणारही नाही.

भाचीचा गृहपाठ

हे सारे पुन्हा वर यायला कारण झाली माझी भाची. ती समुपदेशन मानसशास्त्रात एम. ए. करते आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आली होती. रात्री जेवणे आटोपली की कानाला यंत्र लावून ही पोर संगणकावर काहीतरी उतरवून काढीत बसायची. दोन शब्द ऐकायचे, थांबवायचे, लिहायचे. पुन्हा मागे जायचे, पुन्हा ऐकायचे. अर्ध्या तासाचे बोलणे उतरवायला तिला तीन-तीन रात्री लागत.

चौकशी केली तेव्हा कळले, की तो तिचा गृहपाठ होता. वर्गातल्या मैत्रिणीला समोर बसवून तिने समुपदेशनाची सरावाची मुलाखत घेतली होती, आणि मैत्रिणीच्या परवानगीने ती ध्वनिमुद्रित केली होती. आता तिच्यातला शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा. "अं", "हं" सुद्धा गाळायचे नाहीत. कुणी गप्प राहिले, तर किती सेकंद गप्प राहिले तेही लिहायचे. मग आपल्या प्रत्येक वाक्यापुढे त्याची जात लिहायची: हा प्रश्न, हा सल्ला, ही समजूत, हे नुसते ऐकून घेणे. शेवटी ही वही प्राध्यापिकाबाईंपुढे ठेवून आपण आपल्याच चुका वाचून दाखवायच्या.

एका रात्री ती एकदम हसली आणि लगेच हिरमुसली. "मामा, बघ ना, पहिल्या दहा मिनिटांत तिच्यापेक्षा मीच जास्त बोललेय! आणि मला त्या वेळी वाटत होतं, आपण किती छान ऐकतोय!"

मला तो निवलेला चहा आठवला. मी विचारले, "हा उपद्व्याप शोधून काढला कुणी?"

"त्याची मोठी गोष्ट आहे," ती म्हणाली, आणि दोन जाडजूड पुस्तके माझ्यापुढे ठेवून पुन्हा कानाला यंत्र लावून बसली. त्या उन्हाळ्यात मी कादंबऱ्या बाजूला ठेवून ही गोष्टच वाचीत राहिलो. ती आहे अमेरिकेतल्या एका शिक्षकाची आणि त्याच्या विद्यार्थ्यांची. खरे म्हणजे विद्यार्थ्यांचीच अधिक.

दाराशी थांबलेली आई

शिक्षकाचे नाव कार्ल रॉजर्स. १९०२ साली शिकागोजवळच्या ओक पार्क या गावी जन्म. घर कडक धार्मिक शिस्तीचे. तरुणपणी हे गृहस्थ आधी शेतकीचा अभ्यास करायला गेले, मग धर्मोपदेशक व्हायचे ठरवून न्यूयॉर्कच्या धर्मशिक्षणसंस्थेत दाखल झाले. तिथेही मन रमेना, तेव्हा रस्ता ओलांडून समोरच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र शिकू लागले. १९२८ पासून बारा वर्षे त्यांनी रॉचेस्टर शहरात वाट चुकलेल्या आणि हाल सोसलेल्या मुलांसाठी काम केले.

तिथली एक आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. एक आई आपल्या अत्यंत दांडगट मुलाची तक्रार घेऊन येत असे. मुलाच्या लहानपणी आईने त्याला झिडकारले, हे सगळ्याचे मूळ, असे रॉजर्सना स्वच्छ दिसत होते. ते त्यांनी त्या बाईंना नाना परींनी समजावून पाहिले. व्यर्थ! शेवटी दोघांनीही हात टेकले. आता थांबू या, असे ठरले. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि वळून त्यांनी विचारले, की इथे मोठ्या माणसांनाही मदत मिळते का? मिळते, म्हटल्यावर त्या परत येऊन बसल्या आणि आपल्या संसाराची, नवऱ्याशी तुटत चाललेल्या नात्याची, आपल्या हरलेपणाची कहाणी सांगू लागल्या. आजवर सांगितलेल्या नीटनेटक्या हकिकतीशी तिचा काही संबंध नव्हता. खरे काम त्या दिवसापासून सुरू झाले, आणि मुलगाही पुढे सुधारला.

रॉजर्सनी यातून जे घेतले ते असे, की कुठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते. वाट तो दाखवील; आपण सोबत चालावे.

आता हे वाक्य ऐकायला गोड आहे. अशी गोड वाक्ये आपल्याकडेही काही कमी नाहीत. पण ते खरे कशावरून? प्रश्न हा होता, आणि इथूनच आपली गोष्ट सुरू होते.

तीन मिनिटांची तबकडी

१९४० च्या जानेवारीत रॉजर्स ओहायो राज्य विद्यापीठात, कोलंबस शहरी, प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला मिनेसोटा विद्यापीठात त्यांचे भाषण झाले. विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेऊन त्यांना नेमका सल्ला देण्यासाठी मिनेसोटा त्या काळी नावाजलेले होते. नेमके तिथे जाऊन रॉजर्सनी सल्ला देण्याच्या रीतीवरच टीका केली! मोठी खळबळ उडाली. कुणी वाखाणले, कुणी तुटून पडले. आपण काहीतरी नवे बोलतो आहोत, हे रॉजर्सना त्या गदारोळातच कळले म्हणतात.

पण नुसत्या वादातून निकाल लागत नाही. समुपदेशनाच्या खोलीत बंद दाराआड नक्की काय घडते, हे तोवर जगाला कळायचे ते समुपदेशकाच्या आठवणीतून. फ्रॉइडसारखा महापुरुषही दिवसभराचे काम उरकल्यावर रात्री आठवून टिपणे लिहीत असे. आपल्या भांडणाची हकिकत आपणच सांगितली की ती कशी होते, हे चाळीत राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यात आपण नेहमी मोजकेच आणि शहाण्यासारखे बोललेलो असतो.

रॉजर्सच्या हाताखाली बर्नार्ड कोव्हनर नावाचा विद्यार्थी होता. त्याला ध्वनिमुद्रणातले थोडेफार कळत होते. याआधी एक-दोन ठिकाणी अशा मुलाखती मुद्रित करण्याचे प्रयत्न झाले होते, पण या गुरुशिष्यांनी ते काम नेटाने मांडले. फितीचे यंत्र तेव्हा नव्हते. होत्या त्या तबकड्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. आमच्या आजोबांच्या पिढीने नाट्यपदे ऐकली त्याच जातीच्या. एका बाजूवर तीनएक मिनिटे मावायची. गवयाला आपले पद आखडून त्यात बसवता येत असे. पण दुःख सांगणाऱ्या माणसाला "तीन मिनिटे झाली, थांबा" असे कसे म्हणणार? म्हणून यंत्रे दोन ठेवली. एकीवरची तबकडी भरत आली की दुसरे सुरू करायचे. सुई तबकडी कोरत जाई तसा तिचा भुगा निघे, तो ब्रशने झाडत राहायचे. मग या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून ऐकायच्या आणि बोलणे टंकून काढायचे. माझ्या भाचीच्या तीन रात्री या कष्टांपुढे काहीच नव्हेत.

१९४२ साली रॉजर्सचे 'कौन्सेलिंग अँड सायकोथेरपी' हे पुस्तक निघाले. त्याच्या अखेरच्या भागात 'हर्बर्ट ब्रायन' असे खोटे नाव दिलेल्या एका माणसाच्या आठही बैठका पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत छापल्या आहेत. एवढी संपूर्ण नोंद त्यापूर्वी कधी छापून आली नव्हती. आणि खरी गंमत खालच्या टिपांत आहे. ब्रायनपेक्षाही समुपदेशकाची परीक्षा तिथे चालली आहे: इथे प्रश्न नको होता, इथे समुपदेशक घाईने पुढे गेला, इथे त्याने भावना सोडून नुसते शब्द पकडले. आपल्या धंद्याचे दार असे उघडे टाकायला धैर्य लागते.

शब्दांचा जमाखर्च

तबकड्या तयार झाल्या, आणि विद्यार्थी मोजायला बसले. संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. इथे कागद होता, पेन्सिल होती आणि चिकाटी होती.

कोव्हनरने समुपदेशकांनी आठवणीने लिहिलेले अहवाल तबकड्यांशी ताडून पाहिले. जे लिहिले होते ते बव्हंशी खरे होते, पण खोलीत घडलेल्यातले पुष्कळसे लिहिलेच नव्हते. म्हणजे माणसे खोटे लिहीत नव्हती. जे लक्षात राहिले ते लिहीत होती, आणि लक्षात थोडेच राहत होते.

पोर्टर नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने समुपदेशकांचे एकेक वाक्य घेऊन ते किती 'चालवणारे' आहे हे ठरवले. मग शब्द मोजले. सल्ले देणारे, प्रश्नांच्या फैरी झाडणारे जे समुपदेशक होते, ते दुसऱ्या टोकाच्या समुपदेशकांच्या जवळजवळ सहापट शब्द बोलत होते. मदत मागायला आलेल्याच्या तुलनेतही त्यांचेच बोलणे कितीतरी अधिक होते. ज्याचे दुखणे, त्याच्या वाट्याला उरलेसुरले!

विल्यम स्नायडरने त्याच्या पुढची पायरी गाठली. कुठल्या बोलण्यामागून काय येते, हे त्याने आपल्या प्रबंधासाठी तपासले. समोरच्याच्या बोलण्यातली भावना ओळखून ती शांतपणे त्याच्यापुढे ठेवली, की माणूस पुढे बोलतो, आत शिरतो; आणि बैठका पुढे सरकतात तसे तक्रार सांगणे कमी होऊन स्वतःविषयीची उमज वाढते, असे त्याला दिसले. पुढे १९५१ साली बर्गमन नावाच्या संशोधकाने उलट बाजूही दाखवली. समुपदेशकाने मध्येच तुमच्या वागण्याचा अर्थ असा, म्हणून निदान सांगितले, की माणूस स्वतःचा शोध घेणे तिथेच टाकून देतो. माझ्या विद्यार्थ्याने "हो सर" म्हणायला सुरुवात केली, ती का, हे मला इथे कळले.

चौथा, व्हिक्टर रेमी. याने १९४३ च्या आपल्या प्रबंधात एक साधी युक्ती केली. पूर्ण झालेली १४ प्रकरणे घेतली, आणि माणूस स्वतःविषयी जे जे बोलला ते वेगळे काढले. "मी नालायक आहे" ही एक जात, "मला हे जमेल" ही दुसरी, आणि "जमेलही, नाहीही" ही तिसरी. ज्यांना मदतीचा उपयोग झाला त्यांच्या बोलण्यात आरंभी नापसंतीची वाक्ये भरपूर आणि शेवटी पसंतीची अधिक. ज्यांना झाला नाही ते शेवटपर्यंत स्वतःला बोल लावीत राहिले, नाहीतर दोलायमान. 'स्वतःविषयीची कल्पना' हा विषय रॉजर्सच्या पुढच्या साऱ्या विचाराचा कणा झाला, त्यात या विद्यार्थ्याचा वाटा मोठा. हा प्रबंध पुस्तकरूपाने मात्र १९७१ साली निघाला, म्हणजे २८ वर्षांनी! प्रबंध लिहून कपाटाकडे बघत बसलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

गुरुजींना न पटलेला निष्कर्ष

या सगळ्यांत मला सर्वांत आवडलेली हकिकत वेगळीच आहे. बिल केल नावाच्या विद्यार्थ्याने गुन्ह्यांकडे वळलेल्या मुलांच्या कागदपत्रांचा अभ्यास केला. प्रत्येक मुलाचे घर कसे, आनुवंशिकता कशी, प्रकृती, बुद्धी, पैशाअडक्याची स्थिती, सोबती, शिक्षण, अशा एकेक गोष्टीला त्याने गुण दिले. त्यात आणखी एक रकाना घातला: मुलाला स्वतःची, स्वतःच्या परिस्थितीची समज किती आहे? मग दोन-तीन वर्षांनी त्या मुलांचे प्रत्यक्षात काय झाले ते पाहिले. यातली कोणती गोष्ट भविष्य सर्वांत खरे सांगते?

सगळ्यांना वाटत होते, रॉजर्सनाही वाटत होते, की घरचे वातावरण. केलच्या आकड्यांत पहिला नंबर आला स्वतःविषयीच्या समजेचा. घर बरेच मागे राहिले!

रॉजर्सचा स्वतःचाच सिद्धांत याने बळकट होत होता. एखादा गुरू असता तर डंका पिटीत फिरला असता. रॉजर्सना तो निष्कर्ष पटेना. बारा वर्षे मुलांत काम केलेला माणूस. घराचा परिणाम असा मागे पडेल, हे त्यांच्या मनाला येईना. त्यांनी तो अभ्यास सरळ बाजूला ठेवून दिला. पुढे हेलन मॅकनील या विद्यार्थिनीने दुसरी मुले घेऊन तेच काम पुन्हा केले. या खेपेस आकडे पहिल्याइतके ठसठशीत आले नाहीत, पण पहिला नंबर तोच राहिला. तेव्हा कुठे १९४८ साली रॉजर्स, केल आणि मॅकनील या तिघांच्या नावाने तो निबंध प्रसिद्ध झाला.

प्राध्यापकाने आपली चूक कबूल करावी आणि विद्यार्थ्यांची नावे आपल्या शेजारी छापावी, एवढ्यासाठी तरी ही हकिकत आपल्या विद्यापीठांतून वर्षातून एकदा वाचून दाखवावी असे मला वाटते. असो.

शंभर चिठ्ठ्या

१९४५ साली रॉजर्स शिकागो विद्यापीठात गेले. तिथे समुपदेशन केंद्र उभे राहिले. पण आक्षेप घेणारे गप्प नव्हते. त्यांचे म्हणणे बिनतोड होते: माणसे काळाच्या ओघात आपोआप बरी होतात, श्रेय तुम्ही कशाला घेता?

याला उत्तर म्हणून शिकागोच्या मंडळींनी जे केले ते १९५४ साली रॉजर्स आणि रोझालिंड डायमंड यांनी पुस्तकरूपाने मांडले. मदत मागायला आलेल्यांतल्या काहींना त्यांनी ६० दिवस थांबायला सांगितले. काळच जर औषध असेल, तर या ६० दिवसांत फरक दिसायला हवा. शिवाय मदत न मागणाऱ्या माणसांचा एक गट तुलनेला घेतला.

मोजमापाची रीत तर आपल्या घरच्या भोंडल्यातल्या खेळासारखी सोपी. शंभर चिठ्ठ्या. एकेकीवर एकेक वाक्य: मी लाजाळू आहे, माझ्यावर विसंबता येते, अशा धर्तीची. आधी 'मी असा आहे' या दृष्टीने त्या लावायच्या. अगदी लागू पडते तिथपासून मुळीच लागू पडत नाही तिथपर्यंत गठ्ठे करायचे. मग त्याच चिठ्ठ्या 'मला असे व्हायला हवे होते' या दृष्टीने पुन्हा लावायच्या. दोन्ही मांडण्या तंतोतंत जुळल्या तर आकडा १, काहीच संबंध नसला तर ०.

मदतीला आलेल्यांचा सुरुवातीचा सरासरी आकडा होता उणे ०.०१. म्हणजे शून्यच. आपण जे आहोत आणि आपल्याला जे व्हायचे होते, यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, असे मनात धरून ही माणसे हिंडत होती. थांबवून ठेवलेल्या काळात आकडा हललाच नाही. बैठका संपल्यावर तो झाला ०.३४, आणि पुढे काही महिन्यांनी पाहिले तेव्हा ०.३१. मदत न मागणाऱ्या सर्वसामान्य गटाचा आकडा ०.५८ होता.

हे आकडे मी मुद्दाम दिले, कारण त्यांत कुठे जादू नाही. माणसे उजळून निघाली नाहीत. इतरांच्या बरोबरीलाही आली नाहीत. पण शून्यावरून उठली. ज्याने शून्य सोसले आहे त्याला हा फरक किती मोठा, ते विचारावे.

सगळीकडे असे यश आले असेही नाही. १९५७ नंतर विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णालयातल्या रुग्णांवर याच पद्धतीने मोठा अभ्यास झाला. त्याचे फळ बेताचेच निघाले, आणि तेही त्यांनी १९६७ साली पुस्तक करून छापले. त्याच परंपरेतल्या यूजीन जेंडलिन या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने आणखी एक बारकावा हेरला: ज्यांना उपयोग होतो ती माणसे आरंभापासूनच निराळ्या तऱ्हेने बोलतात. अडखळतात, थांबतात, "तसं नाही... कसं सांगू..." म्हणत आत चाचपडतात. मी ज्याला उत्तर न सुचणे समजत होतो, तेच काम चालू असल्याचे लक्षण होते!

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. आज उपचाराच्या पद्धती अनेक आहेत, आणि रॉजर्सच्या साऱ्याच गोष्टी सगळे मानतात असे नाही. पण मदत करणारा आणि घेणारा यांच्यातले नाते कसे जुळले आहे, याचा परिणामाशी संबंध असतो, हे वारंवार दिसले आहे. २०१८ साली अशा २९५ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला गेला, तेव्हाही तो संबंध कायम होता. मध्यम, पण पक्का.

हुंकार म्हणजे ऐकणे नव्हे

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. हे वाचून कुणी उद्यापासून प्रत्येक वाक्यावर "हं, हं" करीत बसेल, तर ती रॉजर्सची टवाळी होईल. आणि तशी टवाळी त्यांच्या हयातीतच खूप झाली. ऐकणे म्हणजे समोरच्याला काय वाटते ते समजून घेण्याचा प्रामाणिक खटाटोप, आणि आपल्याला बरोबर समजले का, हे त्यालाच विचारून पाहणे. त्यात दम लागतो.

आणि सल्ला कधीच देऊ नये असेही नाही. फी भरायची शेवटची तारीख विचारणाऱ्याला तारीखच सांगावी. कुणाला झोप लागेनाशी झाली, खाणेपिणे सुटले, तर डॉक्टरांकडे न्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानावर आली, तर माणसाला एकटे सोडू नये, आणि जाणत्याची मदत ताबडतोब घ्यावी. २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारने सुरू केलेली 'टेली-मानस' ही दूरध्वनीसेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. पैसे पडत नाहीत, रात्रीअपरात्री फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर तो लिहून ठेवावा.

माझ्यापुरते म्हणाल, तर मी समुपदेशक नाही, आणि दोन पुस्तके वाचून कुणी होतही नाही. पण या जुलैत एक विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. "सर, घरी सांगितलं नाहीये मी अजून," एवढे म्हणून थांबली. माझ्या जिभेवर चार वाक्ये उड्या मारीत होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. तिच्या गप्प बसण्याला अर्धे मिनिटसुद्धा झाले नसेल, पण मला तास उलटल्यासारखे वाटले. मग मी एवढेच म्हटले, "सांगणं जड जातंय." ती म्हणाली, "हो," आणि मग बोलू लागली. काय बोलली ते तिचे आहे. जाताना तिने माझे कसलेही कौतुक केले नाही. दोन दिवसांनी मात्र ती पुन्हा आली.

फराळाच्या ताटापाशी

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघर पाहुणे आलेले असतील. चकलीचा तुकडा मोडता मोडता आपण कुणा भाच्याला, पुतणीला विचारू, "काय, पुढे काय ठरवलंय?" त्याने तोंड उघडायच्या आत आपणच सांगू, की आमच्या ओळखीच्या अमुकाच्या मुलाने काय केले. आपली माया खोटी नसते. ती फक्त फार बोलते.

ओहायोतल्या त्या विद्यार्थ्यांनी तबकड्यांवरचा भुगा झाडीत जे शोधले, ते करून पाहायला आज ना यंत्र लागते ना विद्यापीठ. या दिवाळीत घरातल्या एखाद्या गप्प मुलाला एक प्रश्न विचारावा, आणि मग त्याचे शब्द किती नि आपले किती, याचा मनातल्या मनात हिशेब ठेवावा. सुरुवातीला आपल्या बाजूची बेरीज फार मोठी येईल, माझी येते. पण ती मोजली तरच कमी होते.

आणि तो मुलगा बोलता बोलता मध्येच थांबला, तर कृपा करून लाडवाचे ताट पुढे सरकवू नका. तो पुढचे वाक्य जुळवीत असेल.